भरून काढलेला ओठ

१ सप्टेंबर, मंगळवार

आज दुपारी प्रयोगशाळेत एक बाई आल्या. प्रयोगशाळा म्हणजे माझी दातांची: दंतवैद्याच्या दवाखान्यामागची, आमच्या घराला लागून असलेली खोली, एक लांब ओटा, मेणाचे दिवे, खिडकीत ओळीनं वाळत ठेवलेले प्लास्टरचे जबडे. नवखा माणूस दारातच दचकतो. या दचकल्या नाहीत. एक जबडा उचलून म्हणाल्या, "हे कुणाचं हसू?"

"अजून कुणाचंच नाही," म्हटलं. "गुरुवारी एका आजोबांना मिळेल."

बाई विद्यापीठाच्या कलासंग्रहालयात लोकांसाठीचे फुकट कार्यक्रम चालवतात. शनिवारी चित्रं काढणं, मातीकाम, चित्रासमोर बसून गोष्टी सांगणं; कुणीही यावं, तिकीट नाही. आता नवा कार्यक्रम सुरू करायचाय, ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी. नाव 'हातांनी बघा'. पण मूळ मूर्तींना हात लावता येत नाही. साच्यासाठी त्यांच्यावर काही थापताही येत नाही. नुसतं मोजून, बघून, हुबेहूब नक्कल करणारा माणूस हवा. आमच्या दंतवैद्यानं माझं नाव सुचवलं.

मी आधीच सांगून टाकलं की माझ्याकडे कुठलाही कागद नाही. दातांचं काम मी कुठल्या कॉलेजात शिकलो नाही. दुसऱ्याच्या ओट्याशी उभा राहून, रागावून घेत शिकलो. आज गावातले तीन दंतवैद्य अवघड कवळी दुसऱ्या कुणाकडे देत नाहीत.

बाई म्हणाल्या, "मला कागद नको, हात हवेत."

मोबदला घेणार नाही म्हणालो. म्हणताना मान जरा वर गेली असावी.

५ सप्टेंबर, शनिवार

इतकी वर्षं त्या इमारतीवरून जातो, आत आज पहिल्यांदा गेलो. वाटलं होतं कुणीतरी अडवेल. कुणी अडवलं नाही, उलट मुलांची झुंबड. जमिनीवर कागद पसरून पालथी पडलेली पोरं, एकाचं नाक निळं.

मूर्ती दुसऱ्या दालनाच्या टोकाला, काचेत. दगडी बाईचं मस्तक, नारळापेक्षा थोडं मोठं. कुठल्यातरी नदीच्या पात्रात सापडलेलं. एक कान नाही. डाव्या नाकपुडीपासून वरच्या ओठातून खाली तुटलेलं, ओठाचा चांगला तुकडाच गायब. तरी ती हसते आहे. अर्ध्या ओठानं हसते आहे म्हणून तिच्यापुढे उभं राहवत नाही आणि हलवतही नाही.

काच काढली. कंपासनं मापं घेतली, टोक दगडाला टेकू न देता. पहारेकरी स्टुलावरून बघत होता.

"साहेब, दात नका बसवू हं तिला."

"तोंड मिटलेलं आहे," मी म्हटलं.

"म्हणूनच सांगतोय. तुमचा भरवसा नाही."

बाईंनी एकच अट घातली: "जसं आहे तसं." मी म्हटलं, बाई, कवळीत केसाइतकी चूक झाली तर माणसाला जेवता येत नाही. मला 'जसं आहे तसं' शिकवू नका. त्या हसल्या. आता वाटतं, जरा जास्तच बोललो.

९ सप्टेंबर, बुधवार

दादाला या कार्यक्रमाला न्यायचंच.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. उभा जन्म शहरातली बस चालवली. लग्न केलं नाही. म्हणायचा, रोज एवढी माणसं घेऊन हिंडतो, आणखी एक कशाला. काचबिंदूनं आधी डावा डोळा गेला, मग उजवा. तेव्हापासून आमच्याकडे. घराबाहेर पाऊल नाही. खिडकीशी बसून बसचे आवाज ओळखतो: ही जुनी, हिचा गिअर अडकतोय.

आज रात्री डोळ्यात थेंब घालताना विषय काढला.

"तिथे येऊन काय बघू?"

"हातांनी बघायचं."

"हातांनी मी स्टिअरिंग बघितलंय. अजून काय बघायचं राहिलं?"

"दादा, थेंबांनी फरक पडतोय म्हणाले डॉक्टर. तोवर बाहेर पडायची सवय ठेवायला नको का?"

त्यानं गालावर ओघळलेला थेंब पुसला. मग म्हणाला, "असं म्हणाले?"

"असं म्हणाले."

डॉक्टर नेमकं काय म्हणाले ते मी त्याला सांगितलेलं नाही. सांगून काय मिळणार? माणसाला काहीतरी धरायला लागतं. वहीत लिहायलाही हात वळत नाही. असो. तो येतो म्हणाला, हे महत्त्वाचं.

१८ सप्टेंबर, शुक्रवार

मस्तक तयार झालं. मेणात कोरलं, मग दातांच्या पिवळ्या प्लास्टरमध्ये ओतलं. कंपास लावून लावून पाहिलं, मूळ आणि नक्कल यांत फरक काढून दाखवावा कुणी. तुटका ओठही तसाच.

आणि तिथेच घोडं अडलं. डोळे मिटून त्यावरून बोट फिरवलं. गाल छान, हनुवटी छान, नाकाशी आलं की बोट त्या खाचेत पडतं. आमच्या खुर्चीत येणाऱ्या माणसांची तोंडं अशीच असतात. आपलं काम ती भरून काढण्याचं. दादा इतक्या दिवसांनी बाहेर पडणार आणि मी त्याच्या हातात एक फुटकं तोंड देणार?

दुसरं ओतलं. त्यात ओठ पुरा केला, नाकपुडी पुरी केली. उजव्या बाजूवरून डावी काढणं हे तर माझं रोजचं. जोड कुठे आहे हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. आता ती पूर्ण हसते.

बायको चहा घेऊन आली. दोन्हीकडे पाहिलं.

"सुरेख झालंय. पण हिला असं करायला कुणी सांगितलं होतं?"

"सगळं सांगायलाच लागतं का?"

"बाईंना विचारलंत?"

"बघतील तेव्हा खूशच होतील."

"म्हणजे नाही विचारलंत," असं म्हणून कप ठेवून गेली. हिला प्रत्येक गोष्टीत खुसपट काढायची सवय आहे. पहिलं मस्तक फडक्यात गुंडाळून ओट्याखाली ठेवलं.

३ ऑक्टोबर, शनिवार

जे झालं ते क्रमानं लिहितो.

सकाळी मस्तक नेऊन टेबलावर ठेवलं, वर कापड. बाई खुर्च्या, काठ्या, जिने यांच्या धांदलीत होत्या. "ठेवलंत? देव पावला," म्हणाल्या आणि पळाल्या. त्यांनी कापड उचललं नाही, मीही उचललं नाही.

माणसं आली. दादा माझ्या कोपराला धरून. पायऱ्या चढताना म्हणाला, "इथे समोर स्टॉप होता. विद्यापीठ दरवाजा. पोरं पळत यायची नि मी थांबायचो." आवाजात जुनी ऐट होती. मी मनात म्हटलं, जिंकलो.

टेबलाशी सहाजण. दादाच्या शेजारी निवृत्त शिक्षिका, भूगोल शिकवायच्या. सरळ बसायची रीत, पदर चापून घेतलेला, आवाज अजून वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. मी कापड काढलं. हात पुढे आले. कुणी हसलं, कुणी म्हणालं, "अगोबाई, केस बघा केवढे." दादाची बोटं कपाळावरून हळूहळू खाली उतरत होती, अनोळखी रस्त्यावर गाडी घातल्यासारखी. ओठांवर आली. थांबली. तो म्हणाला, "हसतेय." माझे डोळे भरून आले, खोटं कशाला लिहू.

मग भूगोलाच्या बाईंची पाळी. त्यांनी दोन्ही हातांत चेहरा घेतला आणि लगेच म्हणाल्या, "ओठ कुठाय?"

"हा काय," मी म्हटलं.

"तसं नाही. तुटलेला ओठ. मी दर वर्षी वर्ग घेऊन यायची इथे. नदीतली बाई ना ही? मुलं विचारायची, हिचा ओठ कुणी फोडला? मी म्हणायची, तुम्हीच सांगा. मग एकेक गोष्टी! एकानं सांगितलं होतं, ती कुणाचं तरी नाव घेणार होती म्हणून."

सगळे माझ्याकडे तोंड करून बसलेले. आत्ता, या क्षणी बोलायला हवं होतं. 'बाई, ती खाच मी भरली.' एवढंच वाक्य.

मी म्हणालो, "ती दुसरी मूर्ती असेल, बाई."

"दुसरी?"

"हिला जरासा टवका आहे, हाताला लागतही नाही. मी स्वतः मोजलीय. तुमची गल्लत होतेय."

त्यांनी हात काढून मांडीवर ठेवले. आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचला नाही. "असेल. तुम्ही मोजलीय म्हणजे... असेल. डोळे गेले तेव्हा वाटलं होतं, निदान पाहिलेलं तरी आपलं आहे."

पहारेकरी भिंतीशी उभा होता. त्यानं दालनाच्या टोकाच्या काचेकडे पाहिलं, तिथे ती फुटक्या ओठानं हसत होती. मग माझ्याकडे पाहिलं. बोलला काहीच नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

घरी येताना रिक्षात दादा एकदाच बोलला. "त्या बाईंना चांगलं आठवत होतं रे."

मी म्हटलं, "वय झालंय त्यांचं."

"माझ्याहून लहान असतील," दादा म्हणाला.

४ ऑक्टोबर, रविवार

मनाला सांगून पाहिलं की सहा माणसांत पाच खूश होती. मग आरशासमोर दाढी करताना स्वतःशी बोलत होतो, "वाईट हेतू नव्हता." बायको मागून म्हणाली, "कुणाला सांगताय?"

८ ऑक्टोबर, गुरुवार

दादाला काय झालंय कळत नाही. सकाळी मला विचारलं, "आभाळ आहे का?" मी म्हटलं, नाही, छान ऊन आहे. पाचच मिनिटांनी स्वयंपाकघरात जाऊन हिला विचारतो, "आभाळ आहे का गं?" ही म्हणाली, "थोडं आहे, दादा." काल वर्तमानपत्र मी वाचून दाखवलं, तेच संध्याकाळी त्यानं हिच्याकडून वाचून घेतलं. मी चांगल्या बातम्या आधी वाचतो, क्रम बदलतो, एवढंच. त्यात काय चोरी आहे?

हिला म्हटलं, म्हातारपणी विसरायला लागलाय की काय. ही माझ्याकडे अशी बघत राहिली जसा मी तो आजोबांचा जबडा बघतो, कुठे बसत नाहीये ते शोधत.

११ ऑक्टोबर, रविवार

संग्रहालयाच्या बाईंचा फोन. आवाज नेहमीचा नव्हता.

"काल मस्तक कपाटात ठेवताना पहिल्यांदा नीट पाहिलं. चूक माझीही आहे, मी आधीच पाहायला हवं होतं. पण तुम्ही ओठ का भरलात?"

मी म्हटलं, लोकांना बरं वाटावं म्हणून.

"कुठल्या लोकांना?"

ज्याची काळजी मी करत होतो त्यानं तर फक्त 'हसतेय' एवढंच म्हटलं होतं. ते अर्ध्या ओठानंही म्हणता आलं असतं.

मग त्यांनी सांगितलं की भूगोलाच्या बाईंनी फोन करून नाव काढून घेतलं. म्हणाल्या, हल्ली मला काही नीट आठवत नाही, उगाच चारचौघांत नको.

संग्रहालयाच्या बाईंना माहीत नव्हतं मी काय बोललो होतो. मी सांगितलं.

"त्यांचा नंबर द्या," मी म्हटलं. "मी माफी मागतो."

"फोनवर नाही. मी त्यांना बोलावते. ज्यांच्यासमोर खोटं बोललात त्यांच्यासमोरच बोला."

माझ्या मुलीच्या वयाची बाई. कान धरून उभं केल्यासारखं वाटलं, आणि तक्रार करायला जागा नव्हती.

१४ ऑक्टोबर, बुधवार

रात्रीचे थेंब. दादा पलंगावर आडवा, मी बाटली उघडली. तो म्हणाला, "आज राहू दे."

"असं कसं? फरक पडतोय ना."

"डॉक्टर काय म्हणाले होते?"

"तुला सांगितलं की."

"तू फोन घेऊन जिन्यात गेलास बोलायला. जिन्यात आवाज घुमतो, माहितीये ना तुला? 'काहीच उपाय नाही का?' असं तू दोनदा म्हणालास. मी त्याच दिवशी समजलो."

हातातली बाटली कुठे ठेवावी कळेना.

"मग एवढे दिवस घालून का घेत होतास?"

"तुझ्यासाठी. रोज रात्री तू इतक्या मन लावून घालायचास. म्हटलं, याला काहीतरी करू दे."

मी काहीतरी बोलायला गेलो, तुला वाईट वाटेल म्हणून, वगैरे. दादानं हात वर केला, पूर्वी बसमध्ये कंडक्टरला गप्प करायचा तसा.

"माझे डोळे गेले रे. तुझे उसने घेऊन बसलोय. तेसुद्धा खोटं दाखवायला लागले तर मी कुणाकडे जाऊ? त्या बाईंना तू वेडं ठरवलंस त्या दिवशी मला भीती वाटली. म्हटलं, उद्या माझी पाळी."

दिवा बंद करून बाहेर आलो. त्याला उजेडाची गरज नाही, पण मला त्याच्यासमोर उभं राहवेना. ओट्याखालून पहिलं मस्तक काढलं. फडकं सोडून बाजूला ठेवलं.

१७ ऑक्टोबर, शनिवार

दादा येईल असं वाटलं नव्हतं. आला. माझं कोपर मात्र धरलं नाही, हिचं धरलं.

सगळे आले होते. भूगोलाच्या बाई दाराजवळच्या खुर्चीत, मध्येच उठून जाता येईल अशा. मी टेबलाशी उभा राहिलो. काय बोलायचं ते कालपासून घोकत होतो, त्यातलं एकही वाक्य आठवलं नाही.

"मागच्या वेळी जी नक्कल तुम्ही हातात घेतलीत, तिचा ओठ मी भरला होता. खरी मूर्ती तुटकीच आहे. बाईंना बरोबर आठवत होतं. मी त्यांना खोटं सांगितलं." एवढं बोलून थांबलो. पुढे "पण" आला होता ओठावर. तो गिळला.

एक आजोबा म्हणाले, "आमच्याशी बरं खोटं बोलता येतं, नाही का?" वाटलं जमिनीनं पोटात घ्यावं.

भूगोलाच्या बाई उठल्या नाहीत. बसल्या जागेवरूनच म्हणाल्या, "तुम्हाला सांगू का, मी त्या दिवशी घरी जाऊन काय केलं? माझ्या आईचा चेहरा आठवत बसले. तीळ उजव्या गालावर होता की डाव्या? मला पक्कं माहीत होतं. त्या दिवसापासून माहीत नाहीये. आता विचारणार कुणाला? दोन आठवडे मी एकेक गोष्ट काढून तपासतेय, हेही चुकीचं, तेही चुकीचं. तुम्ही आज सांगितलंत, ठीक. पण तो तीळ काही परत जागेवर बसत नाही."

मी "माफ करा" म्हणालो. तो शब्द प्लास्टरच्या चुऱ्यासारखा टेबलावर पडून राहिला.

संग्रहालयाच्या बाईंनी मी आणलेलं तुटकं मस्तक त्यांच्यापुढे ठेवलं. भूगोलाच्या बाईंनी नाकापासून बोट खाली आणलं, खाचेत गेलं, तिथे बराच वेळ राहिलं. चेहऱ्यावर काहीतरी हललं. मग बोट न काढता मला विचारलं:

"हे अगदी असंच आहे? की इथेही थोडं नीट केलंय?"

"तंतोतंत आहे, बाई. कंपासनं..."

"तुम्हाला नाही विचारलं." त्यांनी मान भिंतीकडे वळवली. "पहारेकरी आहेत का इथे? जरा बघून सांगता?"

पहारेकरी स्टुलावरून उठला. दालनाच्या टोकापर्यंत गेला, काचेपाशी वाकून पाहिलं, परत आला, नक्कल पाहिली, पुन्हा गेला. त्याच्या बुटांचा आवाज सगळे ऐकत होते. माझ्या उभ्या आयुष्यात माझं काम असं कुणी तपासलं नव्हतं, आणि मला हूं की चूं करता आलं नाही.

"सारखंच आहे, बाई," तो म्हणाला. "खालचं टोक जरा जास्त टोकदार वाटतंय. बाकी सारखं."

खालचं टोक बरोबर आहे. मी बोललो नाही.

"बरं," बाई म्हणाल्या आणि मस्तक दादापुढे सरकवलं. "घ्या. ही आमची. आता सांगा, हिचा ओठ कुणी फोडला?"

दादानं बोटं फिरवली. म्हणाला, "कुणी नाही. ही कुठूनतरी उतरताना घाईत पडली असणार. गाडी पूर्ण थांबेपर्यंत लोकांना धीर नसतो." सगळे हसले. बाईही. बऱ्याच दिवसांनी दादा चारचौघांत बोलत होता आणि मी खोलीत नसतो तरी चाललं असतं.

निघताना हिला भाजी घ्यायची होती. दादा म्हणाला, "तू जा. मी चालत जातो. हा रस्ता मला पाठ आहे." कार्यक्रमात मिळालेली पांढरी काठी हातात. मी पुढे झालो तर म्हणाला, "तू मागून ये. बोलू नकोस."

मागून चाललो. काठी टेकवत, एका हातानं कुंपण चाचपत तो जात होता. एकदा टपालपेटीला खांदा लागला. मी तोंड उघडलं, मिटलं. चौकाच्या अलीकडे रस्ता खणून ठेवलेला, पाऊण पदपथ गायब, दादाची काठी थेट तिकडे. माझा पाय उचलला गेला होता. तेवढ्यात समोरून येणारी एक मुलगी थांबली.

"काका, पुढे खड्डा आहे."

"केवढा?"

"मोठा आहे हो. खोल पण आहे, पाणी साचलंय. पडलात तर लागेल चांगलंच."

"असं?" दादाच्या आवाजात कुणीतरी खुर्ची दिल्यासारखी स्वस्थता होती. "मग कुठल्या बाजूनं जाऊ?"

मी असतो तर म्हणालो असतो, काही नाही रे, लहानसा आहे, मी आहे ना. त्या मुलीनं त्याला उजवीकडून वळवलं. मी दोघांच्या मागे राहून तोच वळसा घेतला.